स्प्रेडशीटमधील वेळ वाचवणाऱ्या कळा आणि सोयी: सुरुवात रिकाम्या ओळीपासून

स्प्रेडशीटच्या शॉर्टकटांच्या याद्या सगळीकडे मिळतात. शंभर-दीडशे कळांची अशी यादी हौसेने छापून भिंतीवर लावली जाते आणि महिनाभरात तिच्याकडे कोणी पाहीनासे होते, कारण कोणती कळ कोणत्या कामात कशी उपयोगी पडते हे त्या यादीतून समजत नाही. शिवाय बहुतेक शॉर्टकट तक्ता नीट मांडलेला असेल तरच चालतात, आणि ही गोष्ट यादीत कोठेच लिहिलेली नसते. म्हणून या लेखात मोजक्याच कळा घेतल्या आहेत आणि त्या केव्हा दगा देतात हेही सांगितले आहे.

पुढील विवेचन प्रामुख्याने विंडोजवरील मायक्रोसॉफ्ट एक्सेल समोर ठेवून केले आहे. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क यांत यांपैकी बऱ्याच कळा तशाच चालतात, आणि जेथे महत्त्वाचा फरक आहे तेथे तो सांगितला आहे. मॅकवर बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड ही कळ वापरावी लागते. ज्या लॅपटॉपवर एफ२, एफ४ या कळा आवाज किंवा उजेड कमी-जास्त करण्यासाठी राखलेल्या असतात, तेथे त्यांच्या जोडीला एफएन ही कळ दाबावी. सूत्रांची आणि सेलच्या पत्त्यांची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी शीटमध्ये ती रोमन अक्षरांतच टंकावी लागतात.

तक्ता कोठे संपतो हे एक्सेलला कसे कळते

एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने असतात. २००७ सालच्या आवृत्तीपूर्वी हे आकडे ६५,५३६ आणि २५६ असे होते. एवढ्या मोठ्या जागेत आपली माहिती कोठे सुरू होते आणि कोठे संपते, याचा अंदाज एक्सेल एकाच खुणेवरून बांधते, ती खूण म्हणजे रिकामी जागा. भरलेल्या सेलच्या सलग पट्ट्याला पूर्ण रिकामी ओळ किंवा पूर्ण रिकामा रकाना आडवा आला, की तेथे तक्ता संपला असे ते मानते. माहिती डोळ्यांना मोकळी दिसावी म्हणून मध्येच एखादी ओळ रिकामी सोडण्याची सवय पुष्कळांना असते. ती दिसायला निरुपद्रवी वाटते, परंतु पुढे सांगितलेल्या निम्म्या सोयी त्या एका ओळीपाशी अडखळतात. मोकळेपणा हवाच असेल तर ओळीची उंची वाढवावी; रिकामी ओळ सोडू नये.

हीच गोष्ट एकत्र केलेल्या, म्हणजे ‘मर्ज’ केलेल्या सेलची. शीर्षक तक्त्याच्या मधोमध यावे म्हणून पाच-सहा सेल मर्ज केले जातात, आणि मग एक रकाना निवडू गेल्यास पाचही रकाने निवडले जातात, क्रमवारी लावताना एक्सेल तक्रार करते. त्याऐवजी शीर्षकाच्या ओळीतील ते सेल निवडावेत, कंट्रोल आणि १ या कळांनी फॉरमॅटची चौकट उघडावी आणि अलाइनमेंट या विभागात आडव्या मांडणीसाठी ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ हा पर्याय घ्यावा. शीर्षक तसेच मधोमध दिसते आणि सेल मात्र सुटे राहतात. मर्जचे बटण इतके ठळक जागी आणि हा पर्याय इतका खोल का ठेवला असावा, हे कोडे मला अद्याप सुटलेले नाही.

एवढी शिस्त पाळली, म्हणजे वर एकच शीर्षकांची ओळ, तिच्याखाली प्रत्येक नोंदीची एक ओळ आणि मध्ये कोठेही खंड नाही असा तक्ता असला, की पुढचे सारे सोपे होते.

फिरणे आणि निवडणे

उंदीर (माउस) धरून खाली सरकत राहणे हा स्प्रेडशीटमधला सर्वांत मोठा वेळखाऊ प्रकार आहे. कंट्रोल धरून बाणाची कळ दाबल्यास त्या दिशेने भरलेल्या पट्ट्याच्या शेवटच्या सेलवर थेट जाता येते, आणि सोबत शिफ्टही धरल्यास तेथपर्यंतचा सगळा पट्टा निवडला जातो. वीस हजार ओळींचा रकाना निवडायला एक क्षण पुरतो. रकान्यात मध्ये-मध्ये रिकामे सेल असतील तर उडी प्रत्येक खड्ड्यापाशी थांबते. अशा वेळी शेजारच्या पूर्ण भरलेल्या रकान्यातून खाली जावे आणि मग आडवे सरकावे. कंट्रोल आणि ए या कळांनी पूर्ण सलग तक्ता निवडला जातो. त्याच कळा पुन्हा दाबल्या की संपूर्ण शीट निवडली जाते. शिफ्ट आणि स्पेसबारने पूर्ण ओळ, तर कंट्रोल आणि स्पेसबारने पूर्ण रकाना निवडला जातो. मॅकवर मात्र कंट्रोल आणि स्पेसबार या कळा भाषा बदलण्यासाठी राखलेल्या असण्याचा संभव असतो, त्यामुळे देवनागरी आणि रोमन अशी अदलाबदल करत काम करणाऱ्यांनी रकान्याऐवजी कीबोर्डच बदलला तर चकित होऊ नये.

सूत्राच्या पट्टीच्या डावीकडे चालू सेलचा पत्ता दाखवणारी जी लहान चौकट असते, तिचा उपयोग फारच थोडे लोक करतात. तिच्यात ए१:ए५००० असे लिहून एंटर दाबल्यास तेवढा भाग निवडला जातो, मग तो रिकामा असला तरी हरकत नाही. कंट्रोल आणि एंड या कळा शीटमध्ये वापरात आलेल्या शेवटच्या कोपऱ्यावर नेतात. तो कोपरा तक्त्याच्या कितीतरी खाली निघाला, तर तेथे कधीतरी रंग किंवा चौकटी भरल्या गेल्या असाव्यात असे समजावे. त्या जादा ओळी पूर्ण निवडून कंट्रोल आणि वजा या कळांनी काढून टाकाव्यात आणि फाइल जतन करावी. विनाकारण फुगलेली फाइल पुष्कळदा याच उपायाने हलकी होते.

भरणे

एखाद्या सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील लहान चौकोन धरून सूत्र खाली ओढत नेणे सर्वांना ठाऊक असते. त्या चौकोनावर दोनदा क्लिक केल्यास शेजारचा तक्ता जेथवर भरलेला आहे तेथवर सूत्र आपोआप उतरते. येथेही रिकामी ओळ आली की भरणे थांबते आणि खालच्या शेकडो ओळी सूत्राविना राहतात, म्हणून दोनदा क्लिक केल्यावर कंट्रोल आणि खालच्या बाणाने तळाशी जाऊन एकदा खात्री करून घ्यावी. निवडलेल्या भागात वरचा सेल खाली उतरवण्यासाठी कंट्रोल आणि डी, डावीकडचा उजवीकडे नेण्यासाठी कंट्रोल आणि आर या कळा आहेत. आजची तारीख टाकण्यासाठी कंट्रोल आणि अर्धविराम दाबावा. ही तारीख कायम राहते. टुडे या सूत्राने घातलेली तारीख मात्र दररोज बदलते, त्यामुळे नोंदीचा दिवस लिहिताना सूत्र वापरणे ही चूकच म्हणावी लागेल.

या सर्वांत मला सर्वाधिक उपयोगी पडलेली जोडी म्हणजे कंट्रोल आणि एंटर. अनेक सेल निवडावेत, काहीही टंकावे आणि केवळ एंटर न दाबता कंट्रोलसह एंटर दाबावे. निवडलेल्या प्रत्येक सेलमध्ये तो मजकूर किंवा ते सूत्र उतरते. हिची खरी ताकद पुढील उदाहरणात दिसते. एखाद्या प्रणालीतून आलेल्या अहवालात विभागाचे नाव पहिल्या ओळीत एकदाच असते आणि त्याखालच्या दहा-वीस ओळींत तो सेल रिकामा असतो. मग पुढच्या विभागाचे नाव आणि पुन्हा रिकामे सेल. वाचणाऱ्याला हे समजते, परंतु फिल्टर (हव्या तेवढ्याच ओळी दाखवणारी सोय) लावला की विभागाची एकच ओळ हाती लागते. हे रिकामे सेल भरण्यासाठी प्रथम तो रकाना तक्त्याच्या शेवटापर्यंत निवडावा. एफ५ दाबून ‘स्पेशल’ हे बटण घ्यावे, ‘ब्लँक्स’ हा पर्याय निवडून ओके म्हणावे. आता केवळ रिकामे सेल निवडलेले राहतात. कोठेही क्लिक न करता बरोबरचे चिन्ह टंकावे, वरचा बाण एकदा दाबावा आणि कंट्रोलसह एंटर दाबावा. प्रत्येक रिकामा सेल आपल्या लगतच्या वरच्या सेलकडून नाव उचलतो, आणि ज्याने नाव उचलले त्याच्याकडून त्याच्या खालचा. हजारो ओळी पाच-सहा कळांत भरतात.

काम अजून संपलेले नसते, कारण भरलेल्या सेलमध्ये नावे नसून सूत्रे आहेत आणि तक्त्याची क्रमवारी बदलताच ती भलत्याच ओळीकडे बोट दाखवू लागतील. म्हणून आता पूर्ण रकाना नव्याने निवडून कॉपी करावा आणि त्याच जागी केवळ मूल्ये पेस्ट करावीत. नव्या एक्सेलमध्ये आणि गूगल शीट्समध्ये यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या कळा आहेत. जुन्या एक्सेलमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही दाबून मग व्ही आणि एंटर दाबावे लागते. ‘ब्लँक्स’ने एखादा सेल वगळलाच, तर त्यात स्पेसबारचे एखादे रिकामे अक्षर दडलेले आहे असे समजावे. एफ५ची ही ‘स्पेशल’ सोय गूगल शीट्समध्ये नाही.

नोंदी हाताने भरायच्या असतील तर एंटरऐवजी टॅबने उजवीकडे सरकत जावे आणि ओळ संपली की एंटर दाबावा; कर्सर आपोआप पुढच्या ओळीच्या आरंभी येतो. रकान्यात पूर्वी आलेलेच शब्द पुन्हा लिहायचे असतील तर ऑल्ट आणि खालचा बाण दाबावा, म्हणजे आधीच्या नोंदींची यादी उघडते. मराठी मजकुरासाठी ही सोय विशेष मोलाची आहे. एकच नाव एका ओळीत ऱ्हस्व आणि दुसऱ्या ओळीत दीर्घ लिहिले गेले, तर ती एक्सेलच्या लेखी दोन नावे होतात आणि बेरजाही दोन निघतात. नोंदी अनेकजण भरणार असतील तर डेटा व्हॅलिडेशनमधून निवडयादीच बांधून द्यावी. अर्थात बाहेरून कॉपी करून पेस्ट केलेला मजकूर या पहाऱ्याला दाद देत नाही, हे लक्षात असू द्यावे.

फ्लॅश फिल ही २०१३च्या आवृत्तीत आलेली सोय सूत्र न लिहिताच मजकुराची मोडतोड करून देते. समजा, एका रकान्यातील प्रत्येक संकेतांकात रंग, आकार आणि क्रमांक हे तीन भाग आडव्या रेघांनी जोडलेले आहेत आणि त्यांतील आकार तेवढा वेगळा हवा आहे. लगतच्या रकान्यात पहिल्या ओळीसमोर आकार हाताने लिहावा, खालच्या सेलवर यावे आणि कंट्रोल आणि ई दाबावे. बाकीचा रकाना भरून निघतो. एका उदाहरणावरून त्याचा अंदाज चुकला तर दोन-तीन ओळी हाताने भरून पुन्हा प्रयत्न करावा. मात्र हे सूत्र नव्हे. मूळ संकेतांक नंतर बदलला तरी भरलेला भाग जुनाच राहतो, त्यामुळे एकदाच करायच्या कामासाठी फ्लॅश फिल आणि दरमहा करायच्या कामासाठी सूत्र, असा भेद मी पाळतो.

टेबल करणे

तक्त्यात कोठेही उभे राहून कंट्रोल आणि टी दाबल्यास एक्सेल त्याचे ‘टेबल’ करते. पुष्कळांना ही केवळ रंगीत पट्ट्यांची सजावट वाटते आणि ते ती लगेच काढून टाकतात. प्रत्यक्षात तिचा लाभ निराळाच आहे: टेबलच्या खाली नवी ओळ लिहिली की टेबल आपोआप वाढते, रकान्यातील सूत्र त्या ओळीत आपणहून उतरते, आणि या टेबलवर आधारलेली बेरीज, आलेख किंवा निवडयादी यांचा पल्लाही वाढतो. खाली सरकताना रकान्यांच्या ए, बी, सी या अक्षरांच्या जागी शीर्षके दिसू लागतात. सूत्रातही पत्त्याऐवजी रकान्याचे शीर्षक येते, त्यामुळे सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला सूत्र वाचून अर्थ लावता येतो. दरमहा वाढणाऱ्या कोणत्याही यादीसाठी मी आधी ही कळ दाबतो आणि मगच पुढचे काम हाती घेतो.

सूत्रे लिहिताना

बेरजेसाठी ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह पुरेसे आहे. सूत्र दुरुस्त करण्यासाठी एफ२ दाबून सेलमध्ये शिरावे. सूत्र खाली उतरवताना एखादा पत्ता जागचा हलू नये असे असेल, तर त्या पत्त्यावर कर्सर ठेवून एफ४ दाबावा: पहिल्यांदा दाबल्यावर रकाना आणि ओळ दोन्ही बांधले जातात, दुसऱ्यांदा केवळ ओळ, तिसऱ्यांदा केवळ रकाना आणि चौथ्यांदा पत्ता पुन्हा मोकळा होतो. सूत्राबाहेर असताना हीच एफ४ कळ एक्सेलमध्ये मागील कृती पुन्हा करते. एका ओळीला रंग दिला किंवा एक ओळ घातली, की पुढच्या जागी जाऊन केवळ एफ४ दाबावा. एकाच कळेची ही दोन कामे एकमेकांशी मुळीच संबंधित नाहीत, पण दोन्ही इतकी नित्याची आहेत की बोटाला ती आठवडाभरात पाठ होतात.

लांबलचक सूत्र चुकीचे उत्तर देत असेल तर ते डोळे ताणून वाचत बसण्याऐवजी सूत्राच्या पट्टीत त्याचा एखादा पूर्ण तुकडा निवडून एफ९ दाबावा. तेवढ्या तुकड्याचे उत्तर तेथेच दिसते. कंसांच्या आतून सुरुवात करत एकेक तुकडा असा उलगडला की चूक कोणत्या तुकड्यात आहे ते उघड होते. तपासणी झाल्यावर मात्र एस्केप दाबूनच बाहेर पडावे. एंटर दाबल्यास सूत्राचा तो तुकडा जाऊन त्याच्या जागी कायमचा आकडा बसतो.

दुसऱ्या तक्त्यातून माहिती आणण्यासाठी व्हीलुकअप सर्वत्र वापरले जाते. त्यातला चौथा भाग मोकळा सोडला तर ते नेमक्या जुळणीऐवजी अंदाजे जुळणी करते आणि चुकीचे उत्तर अगदी आत्मविश्वासाने देते, म्हणून तेथे फॉल्स किंवा शून्य लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय कितवा रकाना हवा हे त्यात आकड्याने सांगितलेले असल्याने मध्ये नवा रकाना घातला की उत्तर बिघडते. एक्सेल २०२१, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि गूगल शीट्स यांत असलेल्या एक्सलुकअपमध्ये हे दोन्ही दोष नाहीत. ते मुळातच नेमकी जुळणी करते, डावीकडच्या रकान्यातूनही माहिती आणते आणि न सापडल्यास काय दाखवावे हेही त्यातच सांगता येते. ज्यांच्याकडे ते उपलब्ध आहे त्यांनी व्हीलुकअप सोडून द्यायला हरकत नाही.

फिल्टर आणि लपलेल्या ओळी

कंट्रोल, शिफ्ट आणि एल या कळांनी फिल्टर लागतो आणि त्याच कळांनी निघतो. फिल्टर लावलेल्या यादीखाली सम हे बेरजेचे साधे सूत्र वापरल्यास लपलेल्या ओळीही बेरजेत धरल्या जातात. तेथे सबटोटल वापरावे. त्यातील ९ हा संकेत फिल्टरने लपवलेल्या ओळी वगळतो, तर १०९ हा संकेत हाताने लपवलेल्या ओळीही वगळतो. यादी गाळलेली असताना ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह दाबले, तर एक्सेल स्वतःच समऐवजी सबटोटल घालते.

लपलेल्या ओळींनी मला एकदा चांगलाच धडा शिकवला आहे. एका लांब यादीत फिल्टर लावून चाळीसएक ओळी समोर आणल्या होत्या आणि त्यांच्यासाठी वेगळ्या शीटवर तयार केलेले चाळीस आकडे कॉपी करून त्यांच्यासमोर पेस्ट केले. पडद्यावर त्यांतले मोजकेच आकडे दिसले, कारण बाकीचे मधल्या लपलेल्या ओळींत, दुसऱ्याच नोंदींसमोर जाऊन बसले होते आणि तेथील खरे आकडे पुसले गेले होते. ते लक्षात येईपर्यंत फाइल जतन होऊन पुढे गेलेलीही होती. एकच मूल्य दिसणाऱ्या ओळींत भरायचे असेल तर वर लिहून कंट्रोल आणि डी दाबणे सुरक्षित असते, कारण गाळलेल्या यादीत ते केवळ दिसणाऱ्या ओळी भरते. पण प्रत्येक ओळीचे मूल्य निराळे असेल तर फिल्टर काढावा, क्रमवारी लावून त्या ओळी सलग आणाव्यात किंवा एक्सलुकअपने आकडे खेचून घ्यावेत. उलट दिशेने, म्हणजे हाताने लपवलेल्या ओळी असलेला भाग कॉपी करताना, आधी ऑल्ट आणि अर्धविराम दाबावा. त्यामुळे केवळ दिसणारे सेल निवडले जातात.

आकड्यांसारखे दिसणारे आकडे आणि तारखा

बाहेरून आलेल्या माहितीत आकडे दिसतात पण त्यांची बेरीज शून्य येते, हा अनुभव सर्वांना केव्हा ना केव्हा येतो. अशा सेलमध्ये आकडा नसून मजकूर असतो. ओळखण्याची सोपी खूण अशी, की मांडणी बदललेली नसेल तर खरा आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो आणि मजकूर डाव्या कडेला. म्हणून आलेल्या फाइलमधील आकडे मधोमध आणण्याची घाई करू नये; ती खूणच नाहीशी होते. दुरुस्तीसाठी एखाद्या मोकळ्या सेलमध्ये १ लिहून तो कॉपी करावा, बिघडलेले आकडे निवडावेत, कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही या कळांनी पेस्ट स्पेशलची चौकट उघडून ‘मल्टिप्लाय’ घ्यावे आणि ओके म्हणावे. एकाने गुणल्याने किंमत बदलत नाही, मजकुराचा आकडा मात्र होतो. तरीही काही सेल तसेच राहिले तर त्यांत वेबपानावरून आलेले, जादा रिकाम्या जागा काढणाऱ्या ट्रिम या सूत्रालाही न निघणारे रिकामे अक्षर असते. ते कॉपी करून कंट्रोल आणि एच या चौकटीत शोधण्याच्या जागी चिकटवावे आणि बदलीची जागा मोकळी ठेवून सगळीकडून काढून टाकावे.

तारखांचा घोटाळा अधिक फसवा असतो. संगणकाची मांडणी महिना आधी अशी असेल आणि फाइलमध्ये दिवस आधी लिहिलेला असेल, तर २५/०४ ही तारीख मजकूर म्हणून डावीकडे राहते आणि चूक निदान डोळ्यांवर तरी येते. ०३/०४ मात्र ३ एप्रिलची ४ मार्च होऊन निमूटपणे उजवीकडे बसते. अशा फाइलमधील डावीकडच्या तेवढ्या तारखा दुरुस्त करून समाधान मानू नये. मूळ मजकुराची फाइल नव्याने आणावी, तो रकाना आधी मजकूर म्हणूनच घ्यावा आणि मग डेटा या टॅबमधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ची तिसरी पायरी गाठून तेथे तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा सांगावा.

एक्सेलच्या या मनकवडेपणाने शास्त्रज्ञांनाही हात टेकायला लावले. सेप्ट१ आणि मार्च१ अशी मानवी जनुकांची नावे शीटमध्ये लिहिली की त्यांच्या तारखा होत असत. शेवटी जनुकांना नावे देणाऱ्या ह्यूगो जीन नॉमेनक्लेचर कमिटीने अशी नावे बदलून सेप्टिन१, मार्चएफ१ अशी केली आणि २०२० साली त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२३ साली मायक्रोसॉफ्टने असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय दिली. फाइल, ऑप्शन्स आणि त्यातील डेटा या विभागात ती सापडते. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी रकाना भरण्याआधीच त्याला टेक्स्ट हे स्वरूप द्यावे. आरंभी शून्य असलेले क्रमांक आणि १५ अंकांहून लांब क्रमांक यांनाही हाच नियम लागू आहे, कारण एक्सेल आकड्याचे १५ अंकच जपते आणि सोळावा अंक शून्य करून टाकते. गेलेला तो अंक नंतर स्वरूप बदलून परत मिळत नाही.

स्वतःची कळ, आणि दरमहाचे काम

ज्या आज्ञेसाठी तयार कळ नाही किंवा ती लक्षात राहत नाही, तिच्यावर उजवे क्लिक करून ती क्विक ॲक्सेस टूलबारमध्ये घालावी. त्या पट्टीतील पहिल्या आज्ञेला ऑल्ट आणि १, दुसरीला ऑल्ट आणि २ अशा कळा आपोआप मिळतात. माझ्याकडे पहिल्या जागी मूल्ये पेस्ट करण्याची आज्ञा आहे, दुसऱ्या जागी फ्रीझ पेन्स, म्हणजे सरकतानाही शीर्षके जागीच ठेवणारी आज्ञा. गूगल शीट्समध्ये कंट्रोल आणि तिरकी रेघ दाबली की सर्व कळांची शोधता येणारी यादी उघडते, त्यामुळे तेथे पाठांतराची गरजच कमी.

बारा महिन्यांच्या बारा सारख्याच शीट असतील, तर पहिल्या शीटच्या नावावर क्लिक करून शिफ्टसह शेवटच्या नावावर क्लिक करावे. त्यानंतर एका शीटवर केलेला प्रत्येक बदल बाराही शीटवर होतो. बदल संपताच कोणत्याही एका नावावर उजवे क्लिक करून ‘अनग्रुप शीट्स’ करण्यास विसरू नये. बारा शीटमधील आकडे एकत्र बघायचे असतील तर मुळात त्या बारा का आहेत, हा प्रश्न स्वतःला विचारावा. एकाच टेबलमध्ये महिन्याचा एक रकाना ठेवला तर इन्सर्ट टॅबमधील पिव्हट टेबल महिन्यांप्रमाणे, विभागांप्रमाणे किंवा दोन्हींप्रमाणे बेरजा मांडून देते, आणि एखादी बेरीज संशयास्पद वाटली तर तिच्यावर दोनदा क्लिक केल्यास तिच्यामागच्या सगळ्या ओळी नव्या शीटवर उघडतात. मूळ टेबल बदलल्यावर पिव्हट आपणहून बदलत नाही. ऑल्ट आणि एफ५ दाबून ते ताजे करावे लागते.

माहिती वेगवेगळ्या फाइलींतून येत असेल तर त्या एकेक उघडून कॉपी-पेस्ट करत बसणे हा दरमहाचा वेळेचा अपव्यय असतो. २०१६ पासून एक्सेलमध्येच अंतर्भूत असलेले पॉवर क्वेरी हे काम एकदा शिकून घेते. सर्व फाइली एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात, डेटा टॅबमधील ‘गेट डेटा’मधून ‘फ्रॉम फोल्डर’ निवडावे, तो फोल्डर दाखवावा आणि ‘कंबाइन’ म्हणून कोणती शीट घ्यायची ते सांगावे. सर्व फाइलींतील ओळी एकाखाली एक लागून एका टेबलमध्ये येतात आणि प्रत्येक ओळ कोणत्या फाइलमधून आली याचाही रकाना मिळतो. नको असलेले रकाने काढणे, तारखांचा क्रम सांगणे अशा पायऱ्या तेथेच एकदा ठरवून दिल्या की त्या दरवेळी त्याच क्रमाने होतात. पुढच्या महिन्यात नवी फाइल फोल्डरमध्ये टाकावी आणि ‘रिफ्रेश ऑल’ दाबावे. अट एकच, की सर्व फाइलींतील शीर्षके अक्षरशः तीच असली पाहिजेत. एखाद्याने आपल्या फाइलमध्ये शीर्षकाच्या शेवटी एक जागा जास्त सोडली, तर त्या फाइलचा तो रकाना एकत्रित टेबलमध्ये रिकामा येतो. म्हणून रिफ्रेश केल्यावर प्रत्येक रकान्याच्या फिल्टरची यादी उघडून तिच्या तळाशी ‘ब्लँक्स’ दिसतात का, तेवढे पाहून घ्यावे.